माती, गादी आणि खाशाबा

जुलै १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात खाशाबा दादासाहेब जाधव यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे मिळायला १९९६ साल उजाडावे लागले, तेव्हा टेनिसमध्ये लिएंडर पेस यांना कांस्य मिळाले. खाशाबांची एवढी ओळख महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांनाही असते. त्यांच्या आयुष्याची दुसरी एक बाजू मात्र फारशी बोलली जात नाही. खाशाबा मातीत वाढले, गादीवर जिंकले, गुडघ्याच्या दुखापतीने त्यांची कुस्ती थांबली आणि रस्त्यावरच्या अपघाताने त्यांचा अंत झाला. शरीरावर धक्का बसतो तेव्हा तो कोण झेलते आणि किती वेळात झेलते, हा वैद्यकशास्त्राचा एक जुना प्रश्न आहे. या एका माणसाच्या आयुष्यात तो वेगवेगळ्या रूपांत येत राहिला.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः नावाजलेले पैलवान. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. पाचव्या वर्षापासून वडिलांनी त्यांना कुस्तीचे धडे द्यायला सुरुवात केली. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. शाळेत असतानाच १९४२ चे आंदोलन पेटले. साताऱ्याच्या भागात तेव्हा भूमिगतांचे मोठे जाळे होते आणि भूमिगतांना आसरा देण्याच्या, निरोप पोहोचवण्याच्या कामात खाशाबाही होते. अंगापिंडाने ते धिप्पाड नव्हते. उंची साडेपाच फुटांच्या आसपास, वजन बेताचे. पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेल्यावर याच किरकोळ अंगकाठीमुळे क्रीडाशिक्षकांनी त्यांना स्पर्धेत घेण्याचे नाकारले होते. प्राचार्यांकडे दाद मागून त्यांनी संधी मिळवली आणि आपल्यापेक्षा दांडग्या मल्लांना चीत केले. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत धरायची आणि अंगावरून घेऊन त्याला पाठीवर आदळायचे.

हे आदळणे तालमीत रोज पन्नास वेळा व्हायचे, तरी हाडे मोडत नसत. याचे अर्धे श्रेय पैलवानाच्या कसबाला आणि अर्धे हौदातल्या मातीला. कुस्तीचा हौद म्हणजे नुसता मातीचा खड्डा नव्हे. तांबडी माती चाळून खडे काढतात, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू मिसळतात आणि कुस्तीआधी फावड्याने ती उकरून भुसभुशीत करतात. हे काम पैलवानांनीच करायचे. तो व्यायामाचा भाग मानला जातो, पण त्यामागे पदार्थविज्ञानही आहे.

६० किलो वजनाचा माणूस एक मीटर उंचीवरून पडला, तर जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर असतो. हा वेग शून्यावर यायला किती अंतर मिळते, यावर सगळे अवलंबून आहे. फरशीवर पडला आणि शरीर एका सेंटिमीटरच्या अंतरात थांबले, तर सरासरी बल त्याच्या वजनाच्या १०० पट होते. उकरलेल्या मातीत तेच थांबणे पाच सेंटिमीटरमध्ये झाले, तर बल २० पटींवर येते. मातीचे कण एकमेकांवर घासत सरकतात, मधली हवा निघून जाते आणि पडण्याची ऊर्जा त्या घर्षणात जिरते. माती चेंडूसारखी उसळी मारून अंगाला परत धक्का देत नाही, हा तिचा आणखी एक गुण. दोष असा, की एकदा दबलेली माती दुसऱ्या वेळी तितकी दबत नाही. तासाभराच्या कुस्तीनंतर हौद टणक होतो. म्हणून तो पुन्हा पुन्हा उकरावा लागतो. तेल आणि ताकाच्या ओलाव्यामुळे माती धुळीसारखी उडत नाही आणि तिचे डिखळही होत नाही.

मातीबरोबर खाशाबा पडायलाही शिकले. हनुवटी छातीला लावून डोके वाचवायचे, धक्का एका बिंदूवर न घेता पाठीच्या रुंद भागावर पसरवायचा, पडण्याच्या आधीच मानेचे आणि पोटाचे स्नायू आवळायचे. डाव सुटला की आपण कुठे पडणार हे मुरलेल्या पैलवानाला आधीच कळते. सैल असलेले शरीर नेमक्या वेळी ताठ करण्याची ही कला वर्षानुवर्षांच्या सरावाने येते.

१९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकसाठी खाशाबांची निवड झाली. खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तिथे गेल्यावर पायाखालची जमीनच बदलली. ऑलिंपिकची कुस्ती मातीवर होत नसते, ती मॅटवर होते. मॅटला आपल्याकडचे पैलवान गादी म्हणतात. त्या काळी ही गादी म्हणजे भराव घातलेल्या बैठकीवर ताणलेले कॅनव्हास असे. आजच्या फोमच्या गाद्या नंतर आल्या. गादीवर कुस्तीचा वेग वाढतो, कारण पाय रुतत नाही. मातीत पाय रुतवून प्रतिस्पर्ध्याला थोपवण्याची सवय तिथे उपयोगी पडत नाही. मातीत प्रतिस्पर्ध्याची पाठ टेकवली की निकाल लागतो, गादीवर मात्र वेळ आणि गुणही मोजले जातात. अमेरिकी प्रशिक्षक रीस गार्डनर यांनी खाशाबांना ही कुस्ती शिकवली. फ्लायवेट गटात खाशाबा सहावे आले. गादीचा सराव नसलेल्या मल्लासाठी ही कामगिरी लहान नव्हती. त्यांच्या स्वतःच्या हिशेबात मात्र ती अपुरी होती. परत येऊन त्यांनी पुढची चार वर्षे वरच्या वजनगटाची तयारी केली.

हेलसिंकीला जायचे तर पुन्हा पैशांचा प्रश्न उभा राहिला. गोळेश्वर आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव यांच्याकडून ते हरले. इशीने सुवर्ण, मम्मदबेयोवने रौप्य आणि खाशाबांनी कांस्य घेतले. गावी परतल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. सत्काराचा गाजावाजा ओसरल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने घेतली, त्यांतून पैसा जमवला आणि प्राचार्यांचे घर सोडवले.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. नजर १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकवर होती. तेवढ्यात गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि तिसरे ऑलिंपिक हुकले. तीस वर्षांच्या मल्लाची कारकीर्द तिथेच संपल्यात जमा झाली.

गुडघा हा शरीरातला सर्वांत मोठा सांधा, पण त्याची खोबण अगदी उथळ असते. मांडीचे हाड नडगीच्या हाडावर जवळजवळ नुसते टेकलेले असते. त्याला जागेवर ठेवतात ते अस्थिबंध आणि भोवतालचे स्नायू. दोन हाडांमध्ये अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन कूर्चा असतात. त्या धक्का पसरवतात. कुस्तीत पाऊल जमिनीला चिकटलेले राहते आणि धड वळते, तेव्हा पीळ गुडघ्यात साठतो. भुसभुशीत मातीत पाऊल थोडे सरकते आणि पीळ काही प्रमाणात सुटतो. गादीवर बुटाचा तळ घट्ट धरून राहतो. पडणाऱ्याला गादी सांभाळून घेते, पण वळणाऱ्या पायाला ती सोडत नाही. त्या काळी दुर्बिणीने कूर्चेवर शस्त्रक्रिया करण्याची किंवा तुटलेला अस्थिबंध नव्याने बसवण्याची आजची सोय नव्हती. खेळाडूचा गुडघा गेला म्हणजे खेळ गेला, असाच हिशेब होता.

इतके कमावलेले स्नायू असूनही गुडघा का वाचत नाही, असा प्रश्न साहजिकच पडतो. याचे उत्तर वेळेत आहे. अचानक ताण बसला की त्याची वर्दी मज्जारज्जूपर्यंत जाते, तिथून स्नायूला हुकूम येतो आणि मग स्नायू आवळला जातो. यातून पुरेशी ताकद निर्माण व्हायला सेकंदाचा पंधरावा-विसावा भाग तरी लागतो. गुडघ्याचा पुढचा अस्थिबंध तुटायला त्याहूनही कमी वेळ पुरतो. डोके कठीण जमिनीवर आपटते तेव्हा तर सगळा खेळ सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास आटोपतो. पैलवानाला पडणे आधी कळते, म्हणून तो आधीच ताठ होतो. धक्का न सांगता आला, तर कसलेला पैलवान आणि सामान्य माणूस यांच्यात फारसा फरक उरत नाही.

इथे एका वेगळ्या प्रकारच्या पदार्थाची गरज निर्माण होते. एरवी मऊ राहील, हालचाल अडवणार नाही आणि धक्का बसताच कोणाच्याही हुकमाची वाट न पाहता स्वतःच घट्ट होईल, असा तो पदार्थ हवा. असा गुण घरातही पाहता येतो. कॉर्नफ्लोअरमध्ये थोडे पाणी घालून घट्टसर कालवा. बोट हळू बुडवले तर सहज आत जाते. त्यावर मूठ मारली तर ती वरच अडते. धक्क्याच्या वेगाने पिठाचे कण एकमेकांत अडकतात आणि धक्का संपताच सुटे होतात.

काही पॉलिमरमध्ये हाच परिणाम वेगळ्या वाटेने साधला जातो. पॉलिमर म्हणजे छोटे घटक हजारोंच्या संख्येने जोडून तयार झालेली लांबलचक साखळी. दुसऱ्या महायुद्धात रबराची टंचाई असताना अमेरिकेत सिलिकॉन तेल आणि बोरिक ॲसिड एकत्र करून एक गंमतशीर गोळा तयार झाला. टेबलावर ठेवला तर तो हळूहळू पसरतो, जमिनीवर टाकला तर चेंडूसारखा उसळतो, हातोडा मारला तर त्याचे तुकडे होतात. पुढे तो मुलांचे खेळणे म्हणून विकला गेला. त्याच्या साखळ्यांमध्ये बोरॉनचे तात्पुरते दुवे असतात. हे दुवे सतत सुटतात आणि पुन्हा जुळतात. हळू ओढले तर दुव्यांना सुटायला वेळ मिळतो आणि साखळ्या एकमेकींवरून सरकतात. झटका बसला तर तो वेळच मिळत नाही आणि सगळा गोळा एकसंध घन पदार्थासारखा वागतो.

संरक्षक पॅड तयार करणाऱ्यांचे काम म्हणजे या दुव्यांचे घड्याळ नेमके लावणे. गुडघा वाकवायला सेकंदाचे काही दशांश लागतात, धक्का काही हजारांशांत संपतो. दुव्यांचे आयुष्य या दोहोंच्या मधले हवे. ते फार मोठे असले तर पॅड चालतानाही टणक राहील. फार छोटे असले तर धक्क्याच्या वेळीही मऊच राहील. शिवाय नुसता गोळा काही दिवसांत ओघळून जाईल, म्हणून तो रबरासारख्या जाळीत बांधावा लागतो. वजन कमी राहावे आणि ऊर्जा जिरावी म्हणून त्याचा फोम करतात. तापमानाचाही विचार करावा लागतो. थंडीत दुवे सावकाश सुटतात, उन्हात लवकर. डोंगरातल्या बर्फासाठी जुळवलेला पॅड सांगलीच्या मे महिन्यात तसाच वागेल असे गृहीत धरता येत नाही. १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये अशा पदार्थावर काम सुरू झाले आणि २००६ च्या तुरीन हिवाळी ऑलिंपिकमध्ये काही स्की खेळाडूंच्या पोशाखात असे पॅड होते. आज मोटारसायकलस्वारांच्या जाकिटांत, कोपर आणि गुडघ्याच्या पॅडमध्ये ते मिळतात. घट्ट झालेला पॅड एका बिंदूवरचा मार मोठ्या भागावर पसरवतो. वाटी फुटणे, कोपर चेचणे यांपासून तो वाचवतो. सांध्याला पडणारा पीळ मात्र तो थांबवू शकत नाही.

खाशाबांच्या हयातीत यातले काहीच आपल्याकडे आले नव्हते. पोलीस खात्यात त्यांनी सुमारे २७ वर्षे काढली आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. ऑलिंपिक पदकविजेत्याला मिळायला हवा होता तसा मान त्यांना जिवंतपणी मिळाला नाही. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे ५८ वर्षे. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर आला. २०१० मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव मिळाले.

आयुष्यभर पडण्याची कला जोपासलेला माणूस रस्त्यावर गेला, यात विरोधाभास वाटतो. शरीरशास्त्राच्या दृष्टीने तसा तो नाही. हौदात पडण्याचा वेग ताशी १६ किलोमीटरच्या आसपास असतो. ताशी ६० किलोमीटर वेगातली ऊर्जा त्याच्या चौदा पट होते. त्या वेगापुढे स्नायूंची तयारी तोकडी पडते. सर्वांत नाजूक अवस्था मेंदूची असते. मेंदू दह्यासारखा मऊ असतो आणि कवटीत पाण्यासारख्या द्रवात तरंगतो. डोके झटक्याने फिरून थांबले की मेंदू आतल्या आत पिळला जातो. मेंदूतले लांब चेतातंतू सावकाश ताणले तर आपल्या लांबीच्या बरेच जास्त ताणून पुन्हा पूर्ववत होतात. तोच ताण झटक्यात आला तर त्यांच्या आतल्या सूक्ष्म नळ्या घट्ट होतात आणि तुटतात. वेगाने ताणल्यावर घट्ट होण्याचा जो गुण पॅडमध्ये आपल्याला वाचवतो, तोच मेंदूत घातक ठरतो. अशा इजेत कवटी शाबूत असते, बाहेर जखम दिसत नाही, पहिल्या सीटी स्कॅनमध्येही कधी कधी फारसे काही आढळत नाही. तरीही रुग्ण शुद्धीवर येत नाही.

म्हणून मेंदूला थांबण्यासाठी अंतर आणि वेळ विकत घ्यावा लागतो. हेल्मेट तेच करते. बाहेरच्या कठीण कवचाखाली थर्मोकोलसारख्या फोमचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर असतो. धक्क्यात तो चुरडतो आणि चुरडताना ऊर्जा खातो. हा फोम हौदातल्या मातीसारखा आहे. एकदा दबला की पुन्हा तसा दबत नाही आणि त्याला उकरूनही भुसभुशीत करता येत नाही. अपघातात आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी बदलायचे असते ते यासाठी. मोटारसायकलस्वारांवरील अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा, की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्याच धक्क्यात उडून जाते. आयएस ४१५१ हा क्रमांक आणि आयएसआयची खूण पाहूनच ते घ्यावे. मागे बसणाऱ्यालाही ते तितकेच लागते.

सातारा आणि सांगली ही आजही कुस्तीचीच भूमी आहे. सांगली जिल्ह्यातल्या कवठेपिरानच्या मारुती माने यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले. २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत झाली आणि तुंगच्या प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. महाराष्ट्र केसरीत आता माती आणि गादी असे दोन्ही विभाग असतात. गावच्या मुलामुलींना खाशाबांसारखे लंडनला जाऊन गादी पाहावी लागत नाही. गादी मिळाली म्हणजे काम झाले असे मात्र नाही. वर्षानुवर्षे वापरलेल्या फोमची लवचिकता संपते. अंगठ्याने दाबल्यावर खालची फरशी जाणवत असेल, तर तिच्यावर डाव टाकून आदळणे म्हणजे फरशीवरच आदळणे. दोन गाद्यांच्या मधली फट ही पाय मुरगळण्याची ठरलेली जागा. मातीवरून गादीवर येणाऱ्या मुलांना पाय उचलून वळण्याचा आणि एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव काही आठवडे द्यायला हवा. मुलींमध्ये गुडघ्याचा पुढचा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण अधिक असते, त्यांच्यासाठी हा सराव जास्त महत्त्वाचा. डोक्याला मार बसल्यावर डोकेदुखी, उलटी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे दिसले तर कुस्ती तिथेच थांबवून रुग्णालय गाठावे. मान दुखत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील तर रुग्णाला ओढून उठवू नये.

१५ जानेवारी हा खाशाबांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी तालमीतून प्रतिमापूजन होते, नारळ फुटतो. त्याच सकाळी हौद नीट उकरला आहे का, गाद्या दबून सपाट झाल्या आहेत का, हे वस्तादांनी पाहून घ्यावे. आणि पूजा उरकून मोटारसायकलवर घरी निघणाऱ्या पोरांनी हेल्मेटचा पट्टा लावला आहे का, हेही.